झेरॉक्स काढून येते

वेळापुरात कुणी डेटवर जात नाही. लोक झेरॉक्स काढायला जातात. आधार कार्डाची झेरॉक्स, सातबाऱ्याची झेरॉक्स, दहावीच्या मार्कलिस्टची झेरॉक्स. मध्यंतरी एका मुलीनं आपल्या रहिवासी दाखल्याच्या इतक्या प्रती काढल्या, की घरच्यांना वाटलं पोरगी तलाठ्याच्या परीक्षेला बसतेय. झेरॉक्सवाल्याला मात्र पहिल्याच आठवड्यात उलगडा झाला होता. कागद तोच, त्याच वेळेला रिचार्ज मारायला येणारा पोरगा तोच, रोज बदलत होती ती फक्त ओढणी. त्यानं कुणाला सांगितलं नाही. प्रत दोन रुपयाला होती.

हा विषय निघायचं कारण, आमच्या आळीतला एक पोरगा लेखक झाला. म्हणजे आधी तो बीएस्सी ॲग्री झाला, मग पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा झाला आणि आता लेखक झालाय. मुंबईच्या एका निर्मात्यानं त्याला वेबसिरीजचं काम दिलंय. अटी अशा, की प्रेमकथा गावाकडची पाहिजे, माती दिसली पाहिजे आणि तिसऱ्या भागात दोघांच्या भेटीचा असा प्रसंग पाहिजे की तो बघून प्रेक्षकानं दोघांनाही आपलं म्हटलं पाहिजे. पोरानं प्रसंग लिहिला आणि वाचून दाखवायला तात्यांच्या टपरीवर आणला. तात्या उन्हाळ्यात रसवंती चालवतात, उरलेलं वर्ष चहा. साहित्याशी संबंध भजी बांधायच्या रद्दीपुरता. पण गिऱ्हाईक निरखण्यात हयात गेलेली.

प्रसंग असा होता. कॅफे. संध्याकाळ. टेबलावर मेणबत्ती. दाराकडं पाठ करून बसलेली ती केस कानामागं घेते. तो म्हणतो, तू हसलीस की वेळ थांबते. ती हसते. (वेळ थांबते.) पार्श्वभूमीला गिटार.

तात्यांनी गाळणी आपटली. "मेणबत्ती कशापायी?"

"वातावरण तयार व्हावं म्हणून, तात्या."

"आरं, आपल्यात मेणबत्ती पेटली की माणूस पयला डीपीकडं बघतो. जळाला काय म्हणून. प्रेम कोण करतंय?" मग जरा थांबून तात्यांनी खरा प्रश्न टाकला. "पोरगी घरात काय सांगून आलीया?"

लेखक म्हणाला, ते दाखवलेलं नाही, डायरेक्ट कॅफेत कट आहे.

"मग मला तिच्या बापाचीच काळजी लागून राहिली की. तुझं गिटार कुठलं ऐकू येतंय!"

मला विचाराल तर पटकथा शिकवणाऱ्या संस्थांनी दारावर लिहावा असा हा प्रश्न आहे: घरात काय सांगून आलीया? कारण मागं वळून बघितलं, तर प्रेक्षकांनी जीव लावलेल्या आपल्याकडच्या बहुतेक भेटी या भेटी नव्हत्याच. दुसऱ्याच कुठल्या तरी कामाला निघालेली माणसं होती ती. १९८१च्या 'चष्मे बद्दूर'मध्ये दीप्ती नवल फारूख शेखच्या दारात येते ती चमको नावाची धुण्याची पावडर विकायला. टॉवेल धुऊन दाखवते. सई परांजप्यांनी त्या दोघांना एकमेकांकडं नुसतं बघत बसवलं असतं तर आपण पाचव्या मिनिटाला दाणे आणायला बाहेर पडलो असतो. पण मध्ये फेस आहे, बादली आहे, विक्रीचं ठरलेलं भाषण आहे, आणि त्या सगळ्याच्या आडून तो तिला बघतोय. 'छोटी सी बात'मध्ये अमोल पालेकर आणि विद्या सिन्हा ऑफिसला जाण्यासाठी बसच्या रांगेत उभे आहेत. रांग ही सरकारमान्य गोष्ट आहे. रांगेत एखादीच्या मागं उभं राहिलं तर कुणी बाप काठी घेऊन येत नाही. आणि 'मुंबई-पुणे-मुंबई'तली मुक्ता बर्वे तर मुंबईहून पुण्याला येते ती आलेल्या स्थळाला नकार कळवायला! नकार द्यायला निघालेली मुलगी दिवसभर एका मुलाबरोबर पुणं हिंडते, आणि तेवढ्यावर २०१० साली थिएटरं भरली. स्वप्निल जोशी आणि ती सकाळपासून ठरवून भेटले असते, तर तो पिक्चर तिथंच पर्वतीच्या पायऱ्यांवर बसला असता.

पण एवढं लांब कशाला जायचं? वेळापूरपासून अकलूज दहा-बारा किलोमीटर, आणि 'सैराट'मधली आर्ची तिथली. रिंकू राजगुरू अकलूजची, नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, 'सैराट' पडद्यावर आला २९ एप्रिल २०१६ला, ऐन उन्हाळ्यात. त्या उन्हाळ्यात इकडच्या विहिरींना किती मान आला होता म्हणून सांगू! परश्या आर्चीला कॉफी प्यायला बोलावत नाही. तो जीव खाऊन पळत येतो आणि ती जिथं मैत्रिणींबरोबर पोहतेय त्या विहिरीत उडी टाकतो. पोहायलाच आलोय, असा चेहरा करून. ती दरडावते, बाहेर व्हा म्हणते, आणि हा निमूट वर चढतो. बस. झाली भेट. एक गोड वाक्य नाही, आणि अख्ख्या महाराष्ट्रानं दोघांना दत्तक घेतलं. पुढं ती त्याच्या वस्तीवर येते तीही ट्रॅक्टर घेऊन, म्हणजे परत कामाचंच वाहन. हिंदीवाल्यांनी २०१८ साली हीच गोष्ट 'धडक' म्हणून उदयपूरला नेली. तिथं हवेल्या होत्या, तलाव होते, कपडे तर फारच सुंदर होते. मला विचाराल तर कामं कमी पडली.

कामाचा नंबर पहिला, आणि लगेच दुसरा नंबर साक्षीदाराचा. शहरातल्या लेखकाला वाटतं, की प्रेमाच्या प्रसंगात दोन पात्रं असतात. आमच्याकडं कमीत कमी चार. तो, ती, तिच्या चुलत्याचा मित्र आणि एक शेरडू. चुलत्याचा मित्र नसेल तर एसटीचा कंडक्टर असतो, आणि तो तिच्या वडिलांच्या वर्गातला असतो. वडाप जीप त्यातल्या त्यात बरी. दहाच्या जागेत सतरा माणसं, मांडीवर कोंबड्या, आणि ती पुढं ड्रायव्हरच्या बाजूला, तो मागं पिंपावर. दोघांची भेट व्हायची ती ड्रायव्हरच्या आरशात. रिचर्ड लिंकलेटरच्या 'बिफोर सनराइज'मध्ये व्हिएन्नातल्या रेकॉर्डच्या दुकानात अशीच एक अडचणीची खोली आहे. दोघं आत उभं राहून गाणं ऐकतात. ती बघते तेव्हा तो नजर वळवतो, तो बघतो तेव्हा ती. जगभरच्या समीक्षकांनी त्याचं कौतुक केलं. आमच्या वडापात हे दर फेरीला होतं, वर ड्रायव्हर भाडंही घेतो.

तालुक्याच्या गावांमधून आता पडदे लावलेले कॅफे निघालेत हे मला ठाऊक आहे. लेखकाचंही म्हणणं तेच, की काळ बदललाय काका. बदललाय, पण त्या कॅफेंवर अधूनमधून धाड पडते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, हेही त्याच काळात आहे. मग तुझ्या कॅफेत ती दाराकडं पाठ करून का बसली? आमच्यातली कुठलीही पोरगी दार दिसेल अशीच बसेल, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागं एकदा दाराकडं बघेल. तो बिचारा समजेल, आपलं बोलणं कंटाळवाणं होतंय. या एका गैरसमजावर प्रसंग पाच मिनिटं चालतो. गिटार लागत नाही. हा धाक नेहमी हसण्यावारी नेण्यासारखाही नसतो. 'सैराट'च्या शेवटी थिएटरात जी शांतता पसरायची, ती या तालुक्यांमधल्या कित्येक घरांच्या ओळखीची होती. म्हणून तर त्या विहिरीपाशी आपण इतके खुलून हसतो. पुढचं पोटात कुठं तरी माहीत असतं.

भेटीची वेळ कोण ठरवतं, हाही एक मुद्दा आहे. सिनेमात ती ठरवते किंवा तो. आमच्या माळशिरस तालुक्यात महावितरण ठरवतं. मोटारींची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात पोरगा दहा वाजता बॅटरी घेऊन निघाला तरी आई अडवत नाही, उलट डबा देते. "दारं धरायला जातोय." ऊस आडवा माजलेला, नीरा उजव्या कालव्याचं पाणी पाटाला आलेलं, आणि बांधापलीकडं तिच्या घराच्या ओट्यावरचा बल्ब. तो बॅटरी दोनदा मारतो. तिकडचा बल्ब दोनदा बंद-चालू होतो. मग तिची आजी ओरडते, आगं ते बटण खराब हाय, कशाला हात लावती. एवढंच. पण त्याच्या नादात त्यानं एका सरीला दुप्पट पाणी दिलंय आणि सकाळी वडील त्या चिखलात उभे राहून विचारणार आहेत, रात्री झोपला होतास का रं? तो "हो" म्हणतो. प्रेमासाठी आळशीपणाचा डाग कबूल करणारा नायक मी तरी पडद्यावर बघितलेला नाही. जो लिहील त्याला प्रेक्षक डोक्यावर घेतील.

आमच्याकडं घरच्यांच्या संमतीनं होणारीही एक डेट असते. तिला कांदेपोहे म्हणतात. दोन्हीकडची मिळून चौदा माणसं, मधोमध ती दोघं, आणि सोफ्यावर अजून काढायचं राहिलेलं प्लॅस्टिक, म्हणजे नुसतं सावरून बसलं तरी सगळ्या पाहुण्यांना ऐकू जातं. मग कुणी तरी पुढारलेले मामा जाहीर करतात, की पोरापोरींना जरा बोलू द्या. दोघांची रवानगी गच्चीवर. गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या. लक्ष ठेवायला म्हणून पाठवलेला पाच वर्षांचा भाचा पाण्याच्या टाकीमागं. मुलगा विचारतो, छंद काय? ती म्हणते, वाचन. मालिकावाले इथं व्हायोलिन सोडतात. पण बघण्यासारखं पुढंच आहे. वाऱ्यानं कुरडयांवरचं फडकं उडतं आणि दोघंही एकदम ते धरायला धावतात. तो कुरडयांवर पाय पडू नये म्हणून एका पायावर उभा. ती हसू दाबते. भाचा खाली जाऊन सांगतो, "मामा लंगडी खेळतोय." लग्न ठरतं. छंद काय होते ते दोघांनाही पुढं कधी आठवत नाही.

माणूस गोड बोलला म्हणून आपल्याला आवडत नाही. गोड बोलणारे आपण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत भरपूर बघतो. ज्या माणसाकडून त्याला काही मिळायचं नाही त्याच्याशी तो कसा वागतो, हे दिसलं की मात्र आपला निकाल लागतो. वेटर, कंडक्टर, भाचा, आजी. 'छोटी सी बात'मध्ये अमोल पालेकरच्या अरुणला वेटर दाद देत नाही, आणि असरानीचा नागेश मात्र ऐटीत ऑर्डर सोडतो. विद्या सिन्हा कुणाशी काय बोलते हे ऐकायच्या आधीच आपण अरुणच्या बाजूला जाऊन बसलेलो असतो. 'फँड्री'तला जब्या तर शालूशी धड एक वाक्य बोलत नाही. तो पिक्चर लागला १४ फेब्रुवारी २०१४ला, म्हणजे नेमका व्हॅलेंटाइनच्या दिवशी; आणि त्यात डेट नाहीच. काळ्या चिमणीच्या मागं रानोमाळ हिंडणारं पोरगं आहे. त्याला जीव लावायला तेवढं पुरलं.

हे सगळं मी लेखकाला सांगत होतो तेव्हा तो ते मोबाइलमध्ये टाइप करत होता. मग म्हणाला, "काका, पण मनातली ओढ दाखवायची कशी? संवाद नाही, मेणबत्ती नाही."

वेळापूरच्या पोरानं हे विचारावं! दरवर्षी आषाढात खुडूसचं रिंगण उरकून माउलींची पालखी आमच्या गावाकडं येते. अलीकडच्या टेकाडावर धावा होतो. तुकोबांना इथून पंढरीच्या देवळाचा कळस दिसला आणि ते पळत सुटले, अशी आख्यायिका. म्हणून आजही हजारो माणसं त्या उतारावरून पळतात. मध्ये अजून भंडीशेगाव आणि वाखरीचे मुक्काम आहेत, विठ्ठल दूरच आहे. पण डोक्यावर तुळस घेतलेली सत्तरीची म्हातारी एका हातानं लुगडं सावरत पळते, चप्पल मागं राहते, आणि तिचा म्हातारा ती चप्पल उचलून मागून पळतो. कॅमेरा लावायचा असेल तर तिथं लाव. परश्याचं विहिरीकडं पळणं मला तर सरळ धाव्याचंच वाटतं. आणि गावात ज्याच्या पाया पडतोस तो देव कोण? अर्धनारीनटेश्वर. यादवांच्या काळापासून शंकर-पार्वती एका ठिकाणी, त्यांना वेगळं भेटायला जावंच लागत नाही. त्याच देवळाच्या आवारात दोन पोरं एका कट्ट्यावर दीड हाताचं अंतर ठेवून बसली तरी प्रदक्षिणा घालणाऱ्या चार मावश्या आपला वेग कमी करतात.

आठवड्यानं लेखक नवा प्रसंग लिहून घेऊन आला. कॅफे गेला होता. रसवंती आली होती. चरकाला बांधलेलं घुंगरू, टेबलाखाली चिपाडं, वर माश्या. ती मैत्रिणीबरोबर एका टेबलावर. तो दुसऱ्या टेबलावर एकटा. तिसऱ्यावर तिच्या चुलत्याचा मित्र, पेपर वाचत. दोघांना एकमेकांशी बोलायची सोय नाही. म्हणून दोघं रसवाल्याशी बोलतात.

तो मोठ्यानं म्हणतो, "तात्या, उद्या मी अकलूजला चाललोय. दहाच्या एसटीनं."

तात्या ऊस घालत म्हणतात, "जा की. मला कशाला सांगतो?"

ती म्हणते, "तात्या, दहाच्या एसटीला लई गर्दी असती. साडेदहाची बरी."

"मी कुठं चाललोय? मी हितंच हाय."

"नाही, म्हणजे कुणी जाणार असलं तर."

तो ग्लासात बघत म्हणतो, "तात्या, साडेदहाची चालंल."

चुलत्याचा मित्र पेपर खाली घेतो. "काय रं, अकलूजला काय काम काढलंय?"

इथं तो गडबडतो. त्यानं सगळी तयारी केलेली असते, हीच तेवढी राहिलेली. तो "फॉर्म" म्हणतो, मग "टायर" म्हणतो. ती ठसका लागल्यासारखं करते. चुलत्याचा मित्र म्हणतो, "टायरचा फॉर्म?" आणि तात्या, ज्यांना इतका वेळ काही कळलेलं नाही असं आपल्याला वाटत होतं, ते चरक थांबवून म्हणतात, "माझंच काम हाय. रसाच्या मशीनचा पट्टा आणायला धाडलाय मी. जाशील न्हवं, साडेदहाला?" जाताना पोरगा पैसे देतो. तिनं हाफ मागवलेला, म्हणजे त्याच्या खिशाला जड जायला नको. त्यानं तात्यांना डोळ्यांनीच सांगितलेलं असतं की तिला फुल द्या आणि पैसे हाफचे सांगा. तात्या तिला ग्लास काठोकाठ भरून देतात. तिला ते कळतं. ती अर्धाच पिते आणि उरलेला मैत्रिणीपुढं सरकवते, कारण हाफचेच पैसे द्यायचे ठरलंय.

वाचून झाल्यावर तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी लेखकाच्या चहाचे पैसे घेतले नाहीत, हाच अभिप्राय.

निर्मात्याचा फोन चार दिवसांनी आला. लेखकानं स्पीकरवर टाकला. प्रसंग फारच आवडला म्हणाला. अगदी रॉ. फक्त यात डेट कुठं आहे, ते सापडलं नाही. शिवाय शेवटी दोघं उजनीच्या बॅकवॉटरला जाऊन उभी राहिली आणि वरून ड्रोन आला तर? फ्लेमिंगोही मिळतील. लेखकानं सांगितलं, सर, साडेदहाची एसटी अकलूजला जाते, उजनीला नाही. तिकडून उत्तर आलं, की एसटी बदलता येईल. राहिला प्रश्न रसवाल्याचा. तो रोल मात्र छान उतरलाय, त्याला एखादा नावाजलेला विनोदी नट घेऊ, पाच-सहा दिवसांच्या तारखा मागू.

तात्यांनी फोनकडं झुकून विचारलं, "रोजाला किती देताय?"

तिकडं कुणी तरी हसलं आणि फोन कटला. पण तात्यांनी त्या दिवसापासून दाढी वाढवायला घेतलीय, आणि गिऱ्हाईक काही विचारायला लागलं की आधी थोडं थांबून, आभाळाकडं बघून मग उत्तर देतात. चहाला वेळ लागतोय.